थिंजान म्हणजे होळी नव्हे, संक्रांत

महोदय,

ब्रह्मदेशातल्या (म्यानमारमधल्या) थिंजान या पाणी उडवण्याच्या सणावरचे, आपल्या रविवारच्या पुरवणीतले ‘ब्रह्मदेशाची होळी’ हे स्फुट वाचले. फोटो झकास होते, पण मथळा खटकला. नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षे यांगोनमध्ये काढली, तीन थिंजान अंगावर घेतले, म्हणून हे पत्र.

थिंजान हा शब्दच मुळी संक्रांतीवरून आलेला. एप्रिलच्या मध्यावर सूर्य मेषेत शिरतो आणि त्यांचे नवे वर्ष लागते. आपण मकरेची संक्रांत धरली, त्यांनी मेषेची, एवढाच फरक. पाणी उडवायचे ते सरत्या वर्षाचा मळ धुऊन काढायला. त्यात रंग नाही, गुलाल नाही. पूर्वी चांदीच्या वाटीतल्या सुगंधी पाण्यात थब्येची (हे झाड आपल्या जांभळाच्या गोतातले) डहाळी बुडवून अंगावर शिंपडत. शहरांत आता रस्तोरस्ती पाइप आणि पंप आले, आणि फोटो त्यांचेच निघतात.

या दिवसांत थाज्यामिन, म्हणजे आपला इंद्र, पृथ्वीवर उतरतो अशी तिथली समजूत. त्याच्याकडे दोन वह्या. पुण्यवानांची नावे सोन्याच्या वहीत, पाप्यांची कुत्र्याच्या कातड्याच्या. चित्रगुप्ताचे कामही इंद्रानेच उरकायचे!

फोटोत न येणारा भाग नव्या वर्षाच्या सकाळी दिसतो. आमच्या घरमालकांची म्हातारी आई अंगणात बुटक्या स्टुलावर बसली होती आणि गल्लीतल्या पोरी तिचे केस धूत होत्या. वास ओळखीचा वाटला म्हणून जवळ गेलो, तर शिकेकाई. ते तिला कीनपून म्हणतात. दुसऱ्या एका झाडाच्या सालीबरोबर ती भिजवून त्या पाण्याने थोरांची डोकी धुवायची, नखे कापायची आणि नमस्कार करायचा. त्याच सुमाराला उन्हाने आटत चाललेल्या तळ्यांतले मासे मडक्यांत भरून मोठ्या पाण्यात नेऊन सोडतात. माशाशिवाय घास न उतरणारी ही माणसे त्या दिवशी मासे सोडायला जातात, याची मला, कोकणातल्या माणसाला, फार गंमत वाटायची.

सणाचा पदार्थ म्हणजे मोंलोन येबॉ. चिकट तांदळाच्या पिठाचा गोळा, पोटात ताडगुळाचा खडा. उकळत्या पाण्यात सोडायचा, वर तरंगला की काढायचा आणि ओले खोबरे भुरभुरायचे. आमच्या उकडीच्या मोदकाचा धाकटा भाऊच, फक्त कळ्या नाहीत. एखाद्या गोळ्यात गुळाऐवजी तिखटजाळ मिरची दडवतात. पहिल्या वर्षी ती नेमकी माझ्याच वाट्याला आली. पाहुण्याला मुद्दाम देतात, हे मागाहून कळले.

‘खाउस्वे हे तिथले मुख्य अन्न’ हे स्फुटातले वाक्यही दुरुस्त करावे. खाउस्वे म्हणजे नुसत्या नूडल्स. आपल्या हॉटेलांत मिळतो तो नारळाच्या दुधातला प्रकार त्यांच्याकडचा खरा, चवीलाही उत्तम. पण सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर वाफाळत असतो तो मोहिंगा. माशाच्या दाट रश्श्यात गवती चहा, केळीच्या खुंटाचे तुकडे आणि तांदळाच्या शेवया. शान प्रांतातले तोहू तर नावाने फसवते, सोयाबीनचे टोफू वाटते. त्यात सोयाबीन नसते, हरभऱ्याचे पीठ शिजवून थापतात, म्हणजे पाटवडीच. थापण्याआधी गरमगरम शेवयांवर ओततात तेव्हा ते पिठलेच म्हणावे. मी तसे म्हटलेही, पण तिथे समजणार कोणाला?

2021 साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर त्या एप्रिलमध्ये पुष्कळांनी पाणी खेळण्यावर बहिष्कार घातला. डहाळ्या-फुलांची मडकी मात्र मांडली, त्यांवर निषेधाच्या घोषणा रंगवून.

मी रत्नागिरीचा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, मंडालेच्या थिबाला, इंग्रजांनी 1886 मध्ये आमच्या गावी आणून ठेवले आणि 1916 मध्ये तो इथेच गेला. त्याचा राजवाडा आणि समाधी आम्ही पाहुण्यांना दाखवतो. तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये थिंजानचे फोटो जरूर छापा, मथळ्यातली होळी तेवढी काढा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी