यंदा नाताळचं ताट आईच्या खोलीत

पुणे, 7 डिसेंबर 2025

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सलाम.

आत्ताच उपासनेहून आले. आगमनकाळातला दुसरा रविवार. स्वयंपाक बाजूला ठेवून आधी पत्र लिहायला बसले, कारण फोनवर हे बोलणं होतच नाही. बाबा म्हणतात 'सगळं ठीक आहे', आई म्हणते 'तुम्ही या फक्त', तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि विषय तिथेच राहतो. बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवा. ती दमली तर उरलेलं संध्याकाळी वाचा.

यंदा नाताळ गुरुवारी आहे. आम्ही मंगळवारी, 23 तारखेला सकाळी निघून जेवायच्या वेळेला नगरला पोहोचतो. दादा-वहिनी आणि मुलं नाशिकहून संध्याकाळपर्यंत येतील. रविवारी 28 ला उपासना करून सगळे परत. घरात मुलं धरून नऊ माणसं असतील. एवढ्या माणसांचं खाणंपिणं म्हटलं की तुम्हा दोघांच्या जिवाला घोर लागतो, हे मला माहीत आहे. म्हणून सगळं आधीच लिहून कळवते.

पण त्याआधी गेल्या नाताळचं बोलायचं आहे. वर्षभर ते माझ्या मनात आहे.

आई, गेल्या वर्षी तुला साडेअकराला पेज भरवली, तोंड पुसलं, आडवं केलं आणि झोप लागावी म्हणून दार ओढून घेतलं. मग आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो. मटण झालं, पुऱ्या झाल्या, मुलांचा दंगा झाला. तासाभराने मी आत आले तर तू टक्क जागी होतीस. पक्षाघातानंतर तुझे शब्द जड येतात, पण तेव्हा तू अगदी स्वच्छ विचारलंस, "पुऱ्या फुगल्या का गं?" मी 'हो' म्हणाले आणि तुझी चादर नीट करत राहिले. जिने आयुष्यभर या घराचा नाताळ रांधला, तिला आम्ही भिंतीपलीकडे ठेवून जेवलो. तुझी काळजी घेतोय असंच आम्हाला वाटत होतं. तेच मला जास्त लागलं.

म्हणून यंदा बेत उलटा लावायचा. आधी आईचं ताट ठरवायचं आणि त्यावरून बाकीच्यांचं. तिला जे गिळता येतं त्यातूनच सगळ्यांचं जेवण वाढत जाईल, आणि आपण जेवायचं तिच्याच खोलीत. कपाटाजवळची खुर्ची आणि जुनी ट्रंक बाहेर काढली की सतरंजीवर आठ जणांची पंगत बसते. मी नोव्हेंबरात आले होते तेव्हा पावलांनी मोजून बघितलं आहे.

त्याच वेळी स्पीच थेरपिस्ट ताईंशीही नीट बोलून घेतलं. दादालाही हे कळावं म्हणून लिहिते. आईचं अन्न एकजीव आणि ओलसर हवं, चमच्यावर नीट बसेल असं. पातळ पाण्यात घट्ट तुकडे, असं काही नको, कारण पाणी आधी घशात उतरतं आणि तुकडा तोंडातच राहतो. चिवडा, शेव, शंकरपाळ्या यांचा कोरडा भुगा तर नकोच. आणि मऊ पाव चालत असेल असं आपल्याला वाटतं, पण तो तोंडात भिजून गोळा होतो, म्हणून तोही नको. चहा आणि पाणी त्यांनी दिलेली पावडर घालूनच द्यायचं. ढवळून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं म्हणजे दाटपणा येतो. गडबडीत कोणीतरी साधं पाणी पाजेल याची मला खरी भीती आहे, म्हणून आईच्या पेल्याला लाल दोरा बांधून ठेवणार आहे. त्या पेल्याशिवाय दुसऱ्या कशातून कोणी काही पाजायचं नाही.

भरवताना पलंगाची पाठ पूर्ण उभी आणि चमचा चहाचा, लहान. गळा वर जाऊन खाली आला, म्हणजे घास उतरला. तोंड रिकामं झालेलं बघायचं आणि मगच पुढचा चमचा. घास तोंडात असताना तिला प्रश्न विचारायचे नाहीत. हे मुलांना समजावून सांगावं लागेल, कारण आजीशी बोलायची त्यांना फार घाई असते. ठसका लागला नाही म्हणजे सगळं सुरळीत गेलं असंही नाही. जेवल्यावर तिचा आवाज ओला, घरघरता येतो का ते ऐकायचं, कारण अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसवूनच ठेवायचं. गेल्या वर्षी आपण लगेच आडवं केलं, ते चुकलंच.

आता मटण. बाबा, ते तुम्हीच आणायचं. तुमच्या नेहमीच्या खाटकाला बुधवारीच सांगून ठेवा, नाताळच्या सकाळी तिथे उभं राहायला जागा नसते. दोन किलो पुरे. मांडीचं जास्त आणि थोड्या नळ्या. हळद, मीठ, आलं-लसूण घालून मी ते अगदी मऊ शिजवणार आणि मसाला पडायच्या आधी आळणी काढून घेणार. आई, लहानपणी आम्ही तापातून उठलो की तू आळणीभात कालवून द्यायचीस, आठवतं? तोच यंदा नाताळचा पहिला घास, सगळ्यांच्या ताटात. तुझ्यासाठी आंबेमोहोर गुरगुट्या शिजवून त्यात आळणी आणि बिनहाडाचं मटण घालायचं, मिक्सरमधून दोनदा फिरवायचं आणि चाळणीतून गाळायचं. मटणाचे रेषे आणि हाडाचा बारीक कण चाळणीवर राहतो. मी इथे करून बघितलं. पहिल्या वेळी न गाळता जिभेवर घेतलं तर रेषे लागत होते, गाळल्यावर लोण्यासारखं झालं. वरून घरचं तूप आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, कारण आताशा तुला चव कमी लागते आणि रक्तदाबामुळे मीठ वाढवता येत नाही. पातेल्यात मीठ तुझ्याच बेताचं पडेल. बाकीच्यांनी वरून घ्यावं.

राहिलेल्या मटणाला आपला काळा मसाला लावून रस्सा करते. मुलांना आणि जावयांना तो लागेलच. आणि पुऱ्या होणार. तळणाचा धूर तुझ्या खोलीत यायला नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून वहिनी तळेल, पण पहिली टम्म फुगलेली पुरी ताटलीत घालून मी तुझ्यापुढे आणणार. ती खायची नाही, फक्त उजव्या हाताच्या बोटाने फोडायची. वाफ तुझ्यासमोर निघू दे. मग बाकीच्यांना वाढू.

गोड म्हणजे अंड्याचं कस्टर्ड, सगळ्यांना. मी इथून साधा केक करून आणते, मनुका-अक्रोड काही न घालता. कस्टर्डमध्ये पूर्ण भिजवून घोटला की तो तुलाही चालतो, ताईंना विचारून घेतलं आहे. मनुकांचा केक मुलांसाठी वेगळा, तो तुझ्या खोलीत येणार नाही. अंडी आणि दूध मी मुद्दाम धरलं आहे. डॉक्टर म्हणाले होते की या वयात किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं रोज पोटात गेली पाहिजेत. तुझं वजन 41 किलो, म्हणजे 41 ग्रॅम तरी. एका अंड्यात साधारण 6 आणि पाव लिटर दुधात 8 ग्रॅम मिळतात. नुसत्या पेजेवर तो हिशेब कधीच भरत नाही. एका वेळी सहा-सात चमच्यांवर तू मान फिरवतेस, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं देऊ. मोठं जेवण दुपारी साडेबाराला. तेव्हा तू ताजीतवानी असतेस. रात्री दमलेली असतेस आणि ठसकाही जास्त लागतो, तेव्हा रात्री फक्त नाचणीचं सत्त्व.

बाबा, आता तुमचं. रागावू नका. गेल्या नाताळला तुम्ही इन्सुलिन घेतलंत, तेवढ्यात पाहुणे आले आणि तुम्ही त्यांच्या फराळाच्या ताटल्या भरत बसलात. दादाने तुम्हाला ओट्याला टेकून उभं असलेलं पाहिलं तेव्हा शर्ट घामाने भिजला होता आणि हात थरथरत होते. तुम्ही कोणाला हाक मारली नाहीत. यंदा ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही, आणि ताट समोर आलं की पाहुणा कोणीही असो, उठायचं नाही. दुसरं म्हणजे, आईच्या उरलेल्या पेजेवर तुम्ही रात्र काढता हे मला कामाच्या मावशींनी सांगितलं. त्यांना बोलू नका, मीच खोदून खोदून विचारलं होतं. मी आहे ते पाच दिवस तुम्ही बसून, गरम गरम, दोन भाकऱ्या खायच्या. नंतरच्या डब्याचं दादाशी बोलणं चाललं आहे, आल्यावर सांगते.

आणि नाताळच्या सकाळची उपासना तुम्ही चुकवायची नाही. दोन वर्षं झाली, तुम्ही आईजवळ थांबता आणि आम्ही नवे कपडे घालून जातो. मी 24 च्या रात्रीच्या उपासनेला जाईन आणि सकाळी आईजवळ थांबेन. मावशींना त्या दिवशी सुट्टी द्या, त्यांचा फराळाचा डबा आणि साडी आदल्या दिवशीच देऊ.

पाळकसाहेबांना मी फोन केला आहे. ते शुक्रवारी, 26 ला सकाळी अकराला आईसाठी प्रभुभोजन घेऊन घरी येतील. त्यांना गिळण्याची अडचण सांगितली. भाकरीचा अगदी लहान कण द्राक्षरसात पूर्ण भिजवून चमच्याने देऊ म्हणाले. आई, एकदा तू घाबरून 'नको' म्हणाली होतीस आणि मग दिवसभर गप्प होतीस. यंदा घाबरू नकोस, मी शेजारी बसेन. कॅरल गाणाऱ्या मुलांनाही निरोप दिला आहे की आपल्याकडे मध्यरात्री न येता आठ वाजता या. खिडकी उघडून तुला ऐकता येईल आणि झोपही मोडणार नाही.

राहिला फराळ. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटांची परतफेड राहायला नको, ही तुझी मुख्य काळजी, ठाऊक आहे मला. एकही घर सुटणार नाही. चकल्या, शेव आणि चिवडा यंदा इथल्या बचत गटाच्या बायकांकडून घेऊन येते. तुला विकतचं आवडत नाही, पण मी चाखून बघितलं आहे, चकली काटेरी आहे आणि तेलकट नाही. नानकटाई वहिनी आणणार. अनारसे या वर्षी नाहीत, तेवढी सवड होणार नाही.

करंज्या मात्र घरी करायच्या, आणि तुझ्या खोलीत. बुधवारी दुपारी तुझी झोप झाली की पलंगाची पाठ उभी करू, मांडीवर उशी आणि उशीवर स्टीलची परात. वहिनी लाट्या लाटेल, मी सारण भरून कडा दाबून देईन, आणि कातणं तू फिरवायचं. डावा हात उचलत नसला तरी कातण्याला उजवाच लागतो. परात मी धरून ठेवेन. कड वाकडी गेली तर जाऊ दे, तशीच तळू. दोन-चार झाल्यावर दमलीस तर थांब. सारणातलं सुकं खोबरं तुला चालणार नाही, म्हणून तुझ्यापुरता खवा बाजूला काढून दुधात शिजवते, वेलची-जायफळ घालून अगदी एकजीव. तोंडात करंजीचीच चव येईल.

बाबा, एक राहिलं. माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला स्टुलावर चढू नका. मी माझं आणते आहे. हळद, काळा मसाला, तूप, सगळं इथून घेऊन येईन. तुम्ही फक्त मटण सांगा आणि आंबेमोहोर दोन किलो आणून ठेवा.

मुलं रोज तारखा मोजताहेत. धाकटीने आजीसाठी कागदाचा तारा केला आहे, तो आईला झोपल्या जागेवरून दिसेल अशा ठिकाणी लावायचा आहे.

तुमची लेक

ता. क. आई, पितळी कातणं शिवणयंत्राच्या डाव्या खणात आहे, बटणांच्या डब्याखाली. गेल्या वर्षी मीच तिथे ठेवलं होतं. बाबांना काढून चिंचेने घासून ठेवायला सांग.