नवान्नाला येते आहे, आणि आईसाठी एक नकार

पुणे, ललितापंचमी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईने दादाबरोबर पाठवलेला रक्तगटाचा दाखला आणि जुन्या तपासण्यांचे कागद पोहोचले. जमिनीचे उतारे बांधून ठेवावेत तसे ते पिशवीत घालून, वरून दोरा गुंडाळून पाठवले होते. मी ते कपाटात नीट ठेवले आहेत, पण डॉक्टरांना दाखवलेले नाहीत आणि दाखवणारही नाही. आई, तुझे मूत्रपिंड मी घेणार नाही. फोनवर सांगितले असते तर तू रडली असतीस आणि मला पुढे बोलता आले नसते, म्हणून हे लिहून कळवते आहे.

कायदा आड येत नाही, हे दादाचे म्हणणे खरे आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने आईला जवळची नातेवाईकच मानले आहे. आड येते ते तुझे वय आणि रक्तदाबाच्या तुझ्या दोन गोळ्या. निरोगी माणसाचे एक मूत्रपिंड काढले तर उरलेले बहुधा सगळे काम सांभाळून नेते, पण ज्याला आधीच रक्तदाब आहे त्याच्याबाबत डॉक्टर फार सावध असतात. समजा, त्यांनी होकार दिलाच, तरी माझा नकार कायम राहील, कारण उद्या तुझ्या पावलांवर जराशी सूज दिसली तरी मला घास गोड लागणार नाही. यात तुझ्या देण्याचा अव्हेर नाही, एवढे माझ्यासाठी मान्य कर. बाबा, तुम्ही तिच्याआधी हे वाचत असाल तर एकदम सगळे वाचून दाखवू नका. दुपारी तिचा चहा झाल्यावर सावकाश सांगा.

मी पोटाचे डायलिसिस निवडले आहे आणि पोटात नळी बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात ठरली आहे. तोपर्यंत थांबण्यास हरकत नाही, असे डॉक्टरांनी तपासण्या पाहून सांगितले आहे. यंत्रावरच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास रुग्णालयात पडून राहावे लागते, आणि मग गावी येऊन चार दिवस राहण्याचा विचारच सोडावा लागला असता. या प्रकारात दोन लिटर द्रावणाची पिशवी नळीला जोडून ते पोटात सोडायचे, चार-सहा तासांनी काढून नवे भरायचे. असे दिवसातून तीन-चार वेळा, आणि प्रत्येक वेळी अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात वर्तमानपत्र वाचता येते, भाजी निवडता येत नाही एवढेच. यांनीही शिकून घ्यायचे ठरवले आहे. शिवाय डायलिसिस सुरू झाल्यावर रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी नाव नोंदवायचे आहे. ती वाट लांब आहे, पण ती मी घरात हिंडतफिरत पाहणार आहे.

आई, शाळेत असताना घसा धरला की लघवी लालसर तपकिरी व्हायची आणि आपण ते उन्हावर ढकलायचो, हे तू दर फोनला काढतेस. आता ते मनातून काढून टाक. आयजीए नेफ्रोपथीत, म्हणजे माझ्या या मूत्रपिंडाच्या आजारात, असे होते हे आपल्याला आज कळले. तेव्हा कळले असते तरी हा आजार मुळापासून घालवणारे औषध नव्हते, आजही नाही. मला त्या दिवसांतले आठवते ते एवढेच, की घसा दुखत असला तरी तवसाच्या धोंडसाचा खरपूस कडेचा तुकडा तू माझ्यासाठीच काढून ठेवायचीस आणि दादाला तो दिसू द्यायची नाहीस.

नवान्न पौर्णिमेला मी येते आहे. यंदा हळवे भात लवकर तयार झाले असे बाबा म्हणाले, तेव्हा दारावर बांधायच्या लोंब्या, कुरडू आणि आंब्याची पाने मी आल्यावरच काढा. नवं बांधण्याचा माझा मान आहे आणि तो मी दादाच्या मुलांनाही देणार नाही. नव्या तांदळाचा भात माझ्या पथ्यात बसतो, ही या दुखण्यातली सगळ्यात मोठी सवलत मी मानते. दुधातल्या फॉस्फरसमुळे कोजागरीला मला अर्धी वाटीच दूध द्या. शहाळे मात्र पोटॅशियममुळे बंद आहे, तेव्हा बाबांनी माझ्यासाठी माडावर कोणाला चढवू नये. ताजी मासळी चालेल. सुकी, लोणची आणि पापड नकोत. दुधाच्या अर्ध्या वाटीवरून घरात कुजबुज नको. मला अंगणातल्या चांदण्यात बसून तुमची भांडणे ऐकायची आहेत, तेवढ्याने माझी कोजागरी होते.

आता कामाचे. माजघरालगतची खोली दिवाळीनंतर रंगवून घ्या आणि तिथली भाताची पोती हलवा. द्रावण बदलताना पंखा आणि खिडकी बंद ठेवावी लागते, आणि जंतुसंसर्गाचे भय असल्याने मांजर त्या खोलीत चालणार नाही; आई, तिला तू समजाव, ती तुझेच ऐकते. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आजपासून बंद कर. त्या मूत्रपिंडांना अपाय करतात आणि तुझी दोन्ही मला धडधाकट हवी आहेत. मूत्रपिंडे नीट चालतात का ते सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी दादा करवून आणील, तिथे कुरकूर करू नकोस. बाबा, बायपासनंतर तुम्ही उडवीवर चढायचे नाही, गडी मिळाला नाही तर पेंढा दोन दिवस पडू द्या.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने पोहोचेन. फाट्यावर दादाला पाठवा, तुम्ही दोघांनी उन्हातून येऊ नका.

आपली आज्ञाधारक (वरची एक गोष्ट सोडून),
धाकटी