काका, तुम्ही अंगठा ऐकायला शिकवलंत

ती. स्व. काका यांस,
शि. सा. नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा ठेवायला उठता.

मडगावला बदली होऊन तुमच्या वरच्या खोलीत राहायला आले, तेव्हा बोसा नोव्हा, हे ब्राझीलचं संगीत, म्हणजे हॉटेलात जेवताना मागे हळू आवाजात लावतात ते, एवढंच मला ठाऊक होतं. तसं बोललेही. तुम्ही रागावला नाहीत. उठून पंखा बंद केलात, कॅसेट लावलीत आणि म्हणालात, "गाणं राहू दे, अंगठा ऐक."

भर मे महिना. मी घाम पुसत ऐकत होते. टेबलाच्या कडेवर तुमचा अंगठा सारख्या अंतरानं पडत होता. तो सांबातला, ब्राझीलच्या नाचाच्या संगीतातला, सुर्दो, मोठा ढोल. बाकीची बोटं मात्रेच्या जरा अलीकडे-पलीकडे. ते तांबोरिम, तळहातात मावणारं चामड्याचं वाद्य. रस्त्यावरच्या सांबातली ही लय ब्राझीलचा गायक-गिटारवादक जुवांव जिल्बेर्तो यानं एका गिटारवर आणली आणि वर आवाज कुजबुजल्यासारखा ठेवला. १९५८ साली त्यानं 'शेगा द साउदाद' हे गाणं रेकॉर्ड केलं. त्याआधी बहिणीच्या घरी, दियामांतिनाला, तो न्हाणीघरात बसून तासन्‌तास वाजवायचा. तिथं हलका सूरही घुमायचा. मी 'जोआओ' म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, आपल्या गोव्यातल्या सांजांव सणातला जांव तोच हा. तेव्हापासून तो मला परका वाटलाच नाही.

लिसेवात, पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेलं पोर्तुगीज वापरून तुम्ही ते गाणं माझ्यासाठी ओळीओळीनं उलगडलंत. 'साउदाद'ला आधी 'विरह' म्हणालात, मग स्वतःच ते बदलून 'हुरहूर' केलंत. गाण्यातली ती परत आली तर, या कल्पनेशी चाल उदास मायनरमधून उजळ मेजरमध्ये जाते, तिथं तुमचं बोट वर व्हायचं. दर वेळी.

सगळ्यात मोठं ऋण मात्र 'एका सुराच्या सांबा'चं. मी पेटी शिकलेली. षड्ज हलत नाही, त्याच्याभोवती सूर फिरतात, हे कानात मुरलेलं. ब्राझीलचा संगीतकार जोबीम याच्या या चालीत उलटंच: वरचा सूर एका जागी बसून राहतो आणि खालची जमीन सरकते. माझ्या डोक्यात ते शिरेना. तेव्हा तुम्ही पेटी काढायला लावलीत. मी भाता हलवत एकच पट्टी धरून होते आणि तुम्ही शेजारी बसून खालचे स्वर अर्ध्या-अर्ध्या सुरानं उतरवत गेलात. माझं बोट तसूभर हललं नव्हतं, तरी तोच सूर चार वेळा निराळा ऐकू आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही पाहिलंत, पण काही बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार.

आता नागपूरला असते. गायिका एलिस रेजिना आणि जोबीमचं १९७४चं ध्वनिमुद्रण लावते तेव्हा आधी पंखा बंद करते. तुमची ती कॅसेट अजून माझ्याकडेच आहे, काका. चवथीला येतेय, तेव्हा घेऊन येते. आणि पेटीही.

तुमची,
वरच्या खोलीतली