नट, हवा आणि ब्रेक: काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या वाटेवर एकेका गाडीची वेळेची स्पर्धा) निघालेला माणूस आधी खरेदीची यादी करतो. रुंद टायर, जाड अँटीरोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा), महागडे शॉक. तुम्ही ती यादी बाजूला ठेवायला लावलीत आणि अख्खी दुपार 2001 च्या माझदा मियाटाखाली घातलीत. गाडी स्पर्धेआधीच्या तपासणीत पहिल्याच खेपेला पास झाली, एकही फेरी न चुकवता धावली आणि त्याच टायरांवर घरी आली. हे आभार उघडपणे मांडतोय, म्हणजे तुम्ही दाखवलेलं काम पुढच्या नवख्यालाही कळेल.

सगळ्यात मोठे आभार मागच्या ब्रेकसाठी. पेडल खोल जातंय आणि हँडब्रेक बरेच दात ओढल्यावरच धरतोय, हे दिसलं की बहुतेक जण थेट पॅड बदलतात. या पिढीच्या मियाटात मागच्या कॅलिपरचं (पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागाचं) अंतर हाताने लावावं लागतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. कॅलिपरच्या मागचा 14 मिमीचा बोल्ट काढायचा. आत 4 मिमीची अ‍ॅलन की बसते. हँडब्रेक पूर्ण सोडून, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत ती घड्याळाच्या दिशेने आवळायची आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्यायची. दोन्ही बाजू झाल्यावर पेडल वरच धरू लागलं, तेही एक पैसा खर्च न करता. त्यानंतर ब्रेक ऑइल. दोन वर्षांहून जुनं ऑइल हवेतलं पाणी शोषून बसतं. डॉट 4 या दर्जाचं कोरडं ब्रेक ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शिरलेलं 155 च्या आसपाससुद्धा उकळू शकतं, आणि वाफ झाली की पेडल स्पंजासारखं दबतं. अर्धा लिटर नवं ऑइल चारही चाकांना पुरलं.

चाकांचे नट चाक जमिनीवर टेकवून, ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर त्याच्या समोरचा, 80 फूट-पाउंडांवर आवळायचे. अंदाजाने नाही, टॉर्क रेंचनेच. पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासायचे. चाक वर उचलून वरखाली धरून हलवलं तर बेअरिंगचा खेळ कळतो, डावीउजवीकडे हलवलं तर टायरॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा). तपासणीत बेअरिंगचा खेळ, थ्रॉटल सोडल्यावर परततो का, बॅटरी हलते का, तेल गळतंय का, हे बघतातच. मियाटाची बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते, म्हणून तिचा पट्टा ढिला राहिलाय हे लक्षातच येत नाही. तुम्ही तो ओढून पाहिलात. स्टेपनी, जॅक, ड्रायव्हरची मॅट, दारातल्या बाटल्या, सगळं बाहेर. मॅट सरकून ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर काय होईल, हे सांगायला नको.

इंजिन ऑइल काडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत, पेट्रोल किमान अर्धी टाकी. लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि पाव टाकीच्या खाली इंजिन अडखळतं.

हवेचा धडा मात्र कायमचा. कंपनीचा आकडा 26 पीएसआय, तो आरामासाठी. थंड टायरला पुढे 32, मागे 30 घेऊन सुरुवात करायची. पुढच्या टायरच्या खांद्यावर तीन ठिकाणी पांढरं बूटपॉलिश लावायचं आणि फेरी झाल्यावर कडेवरचा छोटा त्रिकोण बघायचा. पॉलिश त्रिकोणाच्याही खाली घासलं गेलं असेल तर टायर आडवा लोळतोय, 2 पीएसआय वाढवा. ट्रेडच्या कडेवर पॉलिश तसंच शिल्लक असेल तर थोडी हवा सोडा. टायर तापले की आकडा आपोआप चढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गेज लावायचं आणि कागदावर लिहायचं. घरी निघताना टायर निवल्यावर हवा पुन्हा रस्त्यासाठी जुळवायची, हे पुष्कळ जण विसरतात.

अलाइनमेंटला हात लावू नका, हा तुमचा सल्ला तेव्हा पटला नव्हता, आता पटतोय. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे एक्सेंट्रिक बोल्ट (जे फिरवून चाकाचा कोन लावतात) मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बुशात गंजून बसतात. घाईत जोर लावला तर बुशच फाटतं. आधी काही दिवस गंज सोडवणारं तेल मारून मगच पाना लावायचा. पुढच्या खेपेला.

हेल्मेटचं स्नेल लेबल (सुरक्षा चाचणीची खूण), दारावर पेंटरच्या टेपने लिहिलेला नंबर आणि स्पर्धेचा वर्ग, पट्टा झटका देऊन अडकवून मग सीट पुढे सरकवण्याची युक्ती, आणि ट्रॅक तीनदा पायी फिरणं, हेही तुम्हीच शिकवलंत. आडव्या शंकूचं टोक ज्या बाजूला, त्या बाजूने गाडी. एक शंकू पडला की 2 सेकंदांचा दंड, त्यामुळे पहिल्या दिवशी घड्याळापेक्षा वाट महत्त्वाची.

तुमची 4 मिमीची अ‍ॅलन की माझ्याच टूलबॉक्समध्ये राहिली आहे. शनिवारी आणून देतो. सोबत डॉट 4 चा बंद डबाही आणतो. उघडलेला ठेवायचा नाही, हे तुम्ही सांगितलंय.

तुमचा,
समोरच्या घरातला मियाटावाला