नहरीच्या कामाची सुनावणी: तयारीसाठी रविवारी बैठक, सर्वांनी यावे

पाणी वापर संस्थेच्या सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

आपल्या नहरीच्या अस्तरीकरणाची (आतून सिमेंट लावण्याची) आणि नव्या गेटांची जनसुनावणी लागली आहे. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला ठेवला आहे. संस्थेने एक प्रत आणली आहे, ती बैठकीत वाचून दाखवू.

काम व्हायलाच हवे. फुटलेल्या पाळीतून पाणी नाल्यात जाते आणि शेवटच्या कुलाब्यावरच्या (नहरीतून शेताला पाणी देणाऱ्या तोंडावरच्या) बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, रोवणीच्या वेळी चिखलाइतकेही पाणी पोचत नाही. पण नहरीच्या झिरप्यावर काठाच्या विहिरी आणि बोड्याही (लहान तळीही) भरतात. सिमेंट लागले की तो झिरपा आटेल. काठावरची मोहाची झाडे तुटली तर मोहफुले वेचणाऱ्या बायांचा हंगाम बुडेल. अहवालात याचा हिशेब आहे का, हे विचारणे आपले काम आहे.

म्हणून प्रत्येकाने आपल्या विहिरीची आजची पातळी दोरीने मोजून आणावी. नुसते "पाणी कमी होईल" म्हटल्याने भागणार नाही. काम उन्हाळी धानाला पाणी सुटते त्या काळात सुरू करू नये, हेही लेखी मागायचे आहे. केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार लेखी हरकत देता येते. तिची पोच मात्र आठवणीने घ्या.

बैठक रविवारी सायंकाळी 7 वाजता, समाजमंदिरात. सातबारा नावावर नसला तरी बायांनी जरूर यावे.

सचिव