भूतानी शेजाऱ्यांना दिलेल्या आधाराबद्दल जाहीर आभार

आदरणीय काका आणि काकू, तसेच मंडळातील सर्व देणगीदार,

सविनय नमस्कार.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस आणि त्याला लागून असलेल्या रेनॉल्ड्सबर्ग येथील नेपाळीभाषक भूतानी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेला आपण सलग तीन वर्षे आर्थिक साहाय्य करण्याचे वचन दिलेत आणि ते पाळलेत. त्याबद्दल संस्थेच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. प्रत्यक्ष भेटीत आभार मानून झाले असले, तरी आपण ज्या रीतीने पैसा दिलात ती रीत ठिकठिकाणच्या मराठी मंडळांना आणि दात्यांना कळावी, म्हणून ते जाहीरपणे मानत आहे.

ही कुटुंबे मूळची दक्षिण भूतानमधली. १९८५ चा नागरिकत्व कायदा आणि १९८८ ची जनगणना यांनी त्यांच्यापैकी असंख्य लोकांना आपल्याच देशात परके ठरवले, आणि १९९० नंतर घरदार व शेती मागे टाकून त्यांना पूर्व नेपाळातील झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत यावे लागले. बांबूच्या झोपड्यांत दीड तप काढल्यावर त्यांच्यापैकी एक लाखाहून अधिक लोकांचे आठ देशांत पुनर्वसन झाले. बहुसंख्य अमेरिकेत आले. आता यांचे हाल संपले, असे कोणालाही वाटेल. परंतु फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या काळात अमेरिकेतल्या या लहानशा समाजातील १६ जणांनी आपले जीवन संपवले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने केलेल्या अभ्यासात हे प्रमाण दर लाख लोकांमागे वर्षाला २०.३ आढळले, तर देशाचे प्रमाण १२.४ होते. इंग्रजी न येणे, नातेवाईक दूर राहिल्याची काळजी, रीतिरिवाज सांभाळता न येणे अशा अडचणी त्या अभ्यासात पुन्हा पुन्हा पुढे आल्या. यांतली एकही केवळ औषधाच्या चिठ्ठीने सुटणारी नाही, आणि म्हणूनच वस्तीतल्या माणसांनीच चालवलेल्या संस्थांची गरज असते.

आपल्या पैशाचा मोठा भाग नागरिकत्वाच्या वर्गावर खर्च झाला. मानसिक आरोग्यासाठी दिलेला निधी इंग्रजी शिकवण्यावर का, असे काही देणगीदारांच्या मनात आले असेल. त्याचे कारण असे: अमेरिकेत वृद्ध किंवा अपंग निर्वासितांना ‘एसएसआय’ हे सरकारी मासिक साहाय्य मिळते. मात्र १९९६ चा कायदा आणि त्यातील १९९७ ची दुरुस्ती यांनुसार नागरिकत्व मिळाले नाही तर ते साधारणपणे सात वर्षांनी थांबते. आयुष्यभर वेलची-संत्र्याच्या बागांत राबलेल्या आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजींना इंग्रजी वाचून, लिहून, अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेवरील प्रश्नांची उत्तरे देऊन ते नागरिकत्व मिळवायचे असते. झोप उडणे, जेवण न जाणे, मुलांवर ओझे झालो असे सतत म्हणणे, या तक्रारींच्या मुळाशी अनेकदा हीच धास्ती आम्हाला दिसली. समुपदेशनाला या असे सांगितले तर जे कधीच आले नसते, ते आजी-आजोबा वर्गाला आनंदाने येतात, आणि चहाच्या वेळी शेजारी बसलेल्या कार्यकर्तीशी हळूहळू मनातले बोलू लागतात. शिक्षिकेचे मानधन, खोलीचे भाडे, ने-आण करणारी गाडी आणि तो चहासुद्धा आपल्या देणगीतून आला.

मंडळाच्या बैठकीत एका सदस्यांनी रास्त शंका काढली होती की, मानसोपचारतज्ज्ञ नसताना हे काम सुरक्षितपणे कसे होणार. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात सापडते. डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘संगथ’ संस्था यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला अभ्यास २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी घेतल्यावर तीव्र नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक आराम पडतो, असे त्यातून दिसले. अर्थात त्या समुपदेशकांच्या कामावर नियमित देखरेख होती, हे विसरून चालणार नाही. आमच्या कार्यकर्त्यांच्या देखरेखीसाठी आणि गंभीर अवस्थेतील व्यक्तीला वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचवण्यासाठी लागणारा खर्चही आपण विनातक्रार मान्य केलात. हा खर्च छायाचित्रांत दिसत नाही, त्यामुळे त्याला दाते मिळणे फार कठीण असते.

पुष्कळ अनुदाने आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे घ्या, अशा पद्धतीची असतात. गाठीला काहीच नसलेल्या संस्थेला ती पेलवत नाहीत. आपण रक्कम आधी दिलीत, ती कशावर वापरायची हे वस्तीतल्या लोकांवर सोडलेत, आणि किती जण ‘बरे’ झाले याचा आकडा किंवा कोणाचे नाव एकदाही मागितले नाहीत. मार्च २०२५ पासून अमेरिकेने काही भूतानी निर्वासितांना परत भूतानला पाठवले, भूताननेही त्यांना ठेवून घेतले नाही, आणि काही जण पुन्हा नेपाळात पोहोचले. त्या बातम्यांनी इथल्या घराघरांत जुनी भीती जागी झाली. त्या आठवड्यांत आम्हाला कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता वकिलांच्या माहिती-सभा घेता आल्या आणि रात्री फोन उचलायला माणसे नेमता आली, ती केवळ आपल्या विनाअट निधीमुळे. काकू, भूतानी कार्यकर्त्यांना सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवू नये, त्यांना योग्य पगार द्यावा, हा आग्रह आपण धरलात. त्यामुळे दोन अनुभवी कार्यकर्त्या आज आमच्याकडे टिकून आहेत. याचे ऋण मी विशेष मानते.

तिसऱ्या वर्षाचा हिशेब मंडळाकडे दिला आहे; त्यात काही विचारायचे असल्यास निःसंकोच विचारावे. शनिवारच्या वर्गासाठी गाडी चालवणारे स्वयंसेवक अजून कमी पडतात. आपल्यापैकी कोणाला सकाळचे दोन तास देणे शक्य असेल, तर आजी-आजोबांशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोललात तरी त्यांना ते पुरेसे होईल.

आपली कृतज्ञ,
संस्थेची एक मराठी स्वयंसेविका
कोलंबस, ओहायो