मंत्रिमहोदय, पोराला दुभाषा करू नका

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य

सविनय नमस्कार.

सीमाभागातल्या दवाखान्यांत मराठी येणारा समुपदेशक देऊ, असं हिवाळी अधिवेशनात निवेदन घेताना सांगण्यात आलं होतं. अधिवेशन उठलं, समुपदेशक आलाच नाही. गेल्या मंगळवारी एका दवाखान्यात चौथीतला पोरगा आईचं दुखणं कन्नडमध्ये सांगत उभा होता. आई म्हणाली, "जीव खालीवर होतो. ह्याला काय झालं तर मी राहायची नाही." पोरानं तिच्याकडं बघितलं आणि डॉक्टरांना एवढंच सांगितलं, "एदे नोवू." छातीत दुखतंय. ईसीजी काढला, नॉर्मल आला, पित्ताच्या गोळ्या मिळाल्या.

पोराला कन्नड येतं, कारण शाळेत सक्तीचं आहे. आई चंदगडहून लग्न होऊन आली, तिला कुठून येणार? खानापूर, निपाणीत अशा सुना घरटी एक सापडतील. आणि आईची भीती पोराच्या तोंडून वदवून घेणं म्हणजे उपचाराच्या नावाखाली रोग पोचवणं.

भीती पोरात कशी उतरते ते अंगणवाडीच्या दारात बघा. पोर रडतं, आई दोन पावलं जाते, परत येते, पदरानं डोळे पुसते, शेवटी उचलून घरी नेते. पोर दोन गोष्टी शिकतं: आत धोका आहे, आणि रडलं की सुटका. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोटात दुखायला लागतं. मग दृष्ट काढा, अंगारा लावा. उपाय साधा आहे. निरोप एकदाच, एका वाक्यात: "खिचडी खाऊन झाली की येते." आणि मागं न बघता जायचं, सांगितल्या वेळेला यायचंच. पहिले चार दिवस रडणं वाढतं; नेमकी तिथंच आई हरते, आणि तिथंच तिच्या भाषेत बोलणारं माणूस लागतं. 14416 हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन चांगला आहे हो, पण फोनवरून दारात अडकलेले पाय दिसत नाहीत.

चिंताग्रस्त आईबापांच्या 136 कुटुंबांवर अमेरिकेत अभ्यास झाला, 2015 मध्ये छापून आला. आठ आठवडे कुटुंबासोबत बसलं, तर वर्षभरात 5 टक्के मुलांना चिंतेचा आजार जडला. ज्यांना नुसतं माहितीपत्रक मिळालं त्यांच्यात 31 टक्के. आठ बैठका! त्याला बेळगावच्या विधानभवनासारखा सुवर्णसौध बांधावा लागत नाही.

पालकांची चिंता मोजायची चाचणीही (GAD-7) सात प्रश्नांची आहे, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, 10 किंवा जास्त झाले की पुढची तपासणी. फक्त "आपण चिंताग्रस्त आहात काय?" असलं सरकारी मराठी नको. पोटात गोळा येतो का, पोर नजरेआड झालं की धडधडतं का, असं विचारा. पाच मिनिटांचं काम, अंगणवाडी ताई करतील. पण ताईंना पोषण, लसीकरण, सर्व्हे आणि वर निवडणुकीची कामं. मानधन तेवढंच.

दुकानाच्या पाटीवर कन्नड 60 टक्के आहे का, हे मोजायला माणसं मिळतात. महाराष्ट्राचा सीमावादाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पडू दे. 15 टक्के किंवा जास्त अल्पभाषक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचा नियम तरी आमचा नाही, सरकारचाच आहे.

समुपदेशक नेमायला वेळ लागत असेल तर येत्या मंगळवारी एवढं करा: पोराला बाहेर बाकावर बसवा, आणि मराठी येणारी एक नर्स आत बोलवा.

आपले,
सीमाभागात मुलांसोबत काम करणारे कार्यकर्ते